चॅरिटी वॉकला पहिल्यांदाच नाव दिलंय. चालेन हो, पण पैसे कसे मागू?

मेहरूणची_फेरी | ८ डिसेंबर, रात्री १०:१२

मंडळी, चार वर्षं नुसती वाचनमात्र होते. पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

जळगाव, वय ४७, पतपेढीत नोकरी, दिवसभर खुर्ची. भाचीने परस्पर माझं नाव एका चॅरिटी वॉकमध्ये घातलं. ११ जानेवारी, रविवार, १० किलोमीटर. जमणारे पैसे डायलिसिसच्या गरीब रुग्णांसाठी. फी ३०० रुपये, तीही तिनेच भरली. म्हटलं, चालू की. संध्याकाळी मेहरूण तलावावर मैत्रिणीशी गप्पा मारत दोन-तीन किलोमीटर होतातच.

काल त्यांचा मेसेज आला की प्रत्येकाने आपापल्या ओळखीतून किमान ५००० रुपये जमवावेत. इथे घोडं अडलं. माझे वडील गल्लीतल्या गणपती मंडळाचे खजिनदार होते. एकदा पावतीपुस्तक घेऊन मला सोबत नेलं, तर एका काकूंनी आतूनच आवाज दिला, "घरात कोणी नाहीये!" त्यानंतर वडील वर्गणीला निघाले की मी मागच्या दाराने पसार.

काल नणंदेला मेसेज लिहिला, पुसला, परत लिहिला. शेवटी "जेवलात का" एवढंच पाठवलं.

तर दोन गोष्टी सांगा. पाच आठवड्यांत १० किमीची तयारी होईल का? आणि माणसं पैसे मागतात तरी कशी?

शेवभाजी_जास्त_तिखट | ८ डिसेंबर, रात्री १०:३१

१० किमी? आमच्या गावात नवरदेवाची वरात नाचत नाचत एवढं जाते, तेही पोटात काही नसताना. (पोटात काहीच नसतं असं नाही म्हणा.)

पैशाचं सोपं आहे. "एवढे द्या, नाहीतर रोज सकाळी चालतानाचा सेल्फी पाठवीन."

निवृत्त_गार्ड | ८ डिसेंबर, रात्री ११:०५

ताई, अभिनंदन. भुसावळकर आहे, आयुष्य गाडीच्या शेवटच्या डब्यात गेलं. निवृत्त झाल्यावर डॉक्टर म्हणाले चाला, म्हणून चालायला लागलो. पहिल्या वॉकचा अनुभव सांगतो, तेवढाच उपयोग.

आदल्या दिवशी मुलाने हौसेने नवे बूट आणले, तेच घालून गेलो. चौथ्या किलोमीटरला टाचेवर फोड, सहाव्याला तो फुटला. सातव्याला माझ्याहून मोठ्या एक मावशी, पायात साधी चप्पल, नऊवारीचा काष्टा, मला मागे टाकून गेल्या आणि वळून म्हणाल्या, "बाबा, बसा थोडं सावलीत." उरलेलं अंतर रिक्षाने. मेडल दिलं हो त्यांनी, पण मी ते घरात लावलेलं नाही.

सारंगखेड्याच्या बाजारातला घोडासुद्धा नवी नाल ठोकल्याबरोबर कोणी दौडवत नाही. बूट आत्ताच घ्या, नंतर नको.

कोरडा_विचार | ९ डिसेंबर, सकाळी ७:४८

रागावू नका, पण मला हा प्रकारच कळत नाही. डायलिसिसला पैसे द्यायचे तर थेट द्या. त्यासाठी चालायचं कशाला? तुमच्या १० किलोमीटरने कोणाची किडनी सुधारते? टी-शर्ट, मेडल, कमान, डीजे, पाण्याच्या बाटल्या, पाहुण्यांना शाल-श्रीफळ. यातलं किती रुग्णापर्यंत पोचतं ते विचारलंत का? ३०० रुपये फीमध्ये टी-शर्ट असेल तर रुग्णाच्या वाट्याला काय, बटण?

शेवभाजी_जास्त_तिखट | ९ डिसेंबर, सकाळी ८:०२

टी-शर्टला बटण नसतं भाऊ.

वणीची_वाट | ९ डिसेंबर, सकाळी ९:२०

कोरडा_विचार, चालून काय होतं हे खान्देशात बसून विचारताय? चैत्रात सप्तशृंगी गडावर आपल्या भागातून हजारो लोक पायी जातात. देवीचं माहेर खान्देश, आपण माहेरची माणसं. मी धुळ्याहून सात वेळा गेले आहे. रात्री चालायचं, दुपारी झाडाखाली पडायचं, डोक्यावर ऊन आणि खाली डांबर. एसटी जाते की गडावर! तरी माणूस चालतो. वाटेत अनोळखी माणसं ताक देतात, पाय चेपून देतात, आणि "कशाला चालता" असं एकानेही मला विचारलेलं नाही.

मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी महिनाभर चालत पंढरपूरला जाते. तिलाही विचाराल का, की रेल्वे आहे ना म्हणून?

कोरडा_विचार | ९ डिसेंबर, सकाळी ९:४१

ती श्रद्धा आहे. तिथे कोणी क्यूआर कोड घेऊन मागे लागत नाही. दोन गोष्टींची खिचडी करू नका.

तापीकाठचा_मास्तर | ९ डिसेंबर, दुपारी १:१५

खिचडी पूर्वीच झालेली आहे, आणि शिजवणारा धुळ्याच्या तुरुंगात राहून गेलेला माणूस होता. १९३२ मध्ये विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. पण १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली, एका जमीनदाराने उठून १०० एकर देऊ केली, आणि पुढे हा माणूस वर्षानुवर्षं देशभर पायी फिरून जमीनच मागत राहिला. चालणं आणि मागणं एकत्र.

गाडीतून उतरून मागणाऱ्याला तुम्ही दारातून कटवता. दहा मैल तुडवून आलेल्याला आधी पाणी देता, मग बसवता, मग ऐकता. माझ्या मते चॅरिटी वॉकमागे मुळात एवढंच आहे.

परदेशातलं उदाहरण म्हणजे कॅनडाचा टेरी फॉक्स. कर्करोगाने उजवा पाय गेलेला, वय २१. कृत्रिम पाय लावून १२ एप्रिल १९८० ला निघाला. १४३ दिवसांत ५३७३ किलोमीटर कापले. मग रोग फुप्फुसात पोचला आणि थांबावं लागलं. मागणी काय, तर प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर. पुढल्या वर्षी तो गेला, पण त्याआधी तेवढी रक्कम जमली होती.

कोरडा_विचार | ९ डिसेंबर, दुपारी १:५०

मास्तर, भूदानात मिळालेली बरीच जमीन खडकाळ, नापीक, नाहीतर कज्ज्यातली निघाली हेही शिकवा की वर्गात. देणारा देतो, मागणारा पुढच्या गावाला जातो. मधल्या हिशोबाचं काय? माझा मुद्दा तोच आहे.

तापीकाठचा_मास्तर | ९ डिसेंबर, दुपारी २:०४

हा मुद्दा मान्य. पूर्ण मान्य.

पायांची_डॉक्टर | ९ डिसेंबर, रात्री ९:३०

धागा वादात बुडायच्या आत पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे, माहेर चाळीसगाव.

पाच आठवडे पुरेत. आठवड्यातून चार दिवस चाला. तीन दिवस नेहमीचं अर्धा-पाऊण तास आणि रविवारी लांब: पहिल्या रविवारी ४, मग ५, ६, ८. शेवटच्या आठवड्यात मुद्दाम कमी करा. ८ झाले की १० होतात, उरलेले दोन गर्दीच चालवते. वेग किती? सोबतच्या बाईशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, गाणं मात्र म्हणता येऊ नये.

बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. सुती मोजे घामाने ओले होऊन घासतात, खेळाच्या दुकानात मिळणारे कृत्रिम धाग्याचे घ्या. निघण्याआधी टाचेला आणि बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन. नखं तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

तुम्हाला किंवा सोबत येणाऱ्या कोणाला मधुमेह असेल तर रोज घरी आल्यावर तळवे आरशात बघायचे. फोड आलेला कळतच नाही, ही त्यातली खरी भीती. छातीत दुखणं, चक्कर, असलं काही पूर्वी झालं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत म्हणतात, त्याचं टेन्शन सोडा. तो आकडा कुठल्या संशोधनातून नाही आला. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं. जाहिरात शिल्लक राहिली, यंत्र लोक विसरले.

मेहरूणची_फेरी | ९ डिसेंबर, रात्री १०:०२

डॉक्टर, प्रिंट काढून फ्रिजवर लावलं. आत्ता वापरते ते बूट मुलाचे आहेत, त्याने दहावीत टाकलेले. तो आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उद्याच दुकानात जाते.

केळीचं_खांड | १० डिसेंबर, सकाळी ६:५०

सकाळी काय खाऊन जायचं ते कोणी सांगितलंच नाही. रावेरचा असल्याने मी पक्षपाती आहे, पण केळं. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, वापरा की त्याला. निघायच्या तासभर आधी एक, अर्ध्या वाटेत एक. साल खिशात ठेवा, रस्त्यावर टाकली तर मागचा माणूस वेळेआधीच पोचेल.

शेवभाजी_जास्त_तिखट | १० डिसेंबर, सकाळी ७:११

आणि आदल्या रात्री भरीत पार्टी अजिबात नको. जानेवारी, शेत, काटक्यांवर भाजलेली वांगी, वर कच्चं तेल, कळण्याची भाकरी. मी एकदा असा जेवून पहाटे वॉकला गेलो होतो. पुढचं स्त्रीवाचक आहेत म्हणून लिहीत नाही.

अंजनीची_लेक | १० डिसेंबर, सकाळी ८:३०

स्त्रीवाचकांनी भरीत केलंय, खाल्लंयही आणि नंतरचंही भोगलंय. लिहा बिनधास्त.

धुळेकर_पक्का | १० डिसेंबर, सकाळी ८:४४

जळगावात वॉक म्हणजे सपाट रस्ता. आमच्याकडे या, लळिंगचा किल्ला चढून दाखवा, मग चाललो म्हणा. आणि ताई, मांगाले काय लाज? चोरी करी ऱ्हायनी का तू?

हिशोबनीस | १० डिसेंबर, सकाळी ११:२५

कोरडा_विचार यांच्या शंकेला धरून, कारण ती शंका बरोबर आहे.

ताई, आयोजकांना तीन प्रश्न विचारा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का? ८०जी, म्हणजे देणगीवर करसवलत देणारी नोंदणी, आहे का? फीतून कार्यक्रमाचा खर्च भागून जमवलेले पैसे पूर्ण रुग्णांकडे जातात, की दोन्हीचा एकच गल्ला आहे? प्रामाणिक माणूस तिसऱ्या प्रश्नावर चिडत नाही.

पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, देणाऱ्याला थेट संस्थेच्या खात्यात टाकायला सांगा. रोख २००० च्या वर दिली तर देणाऱ्याला वजावट मिळत नाही. आणि नव्या कररचनेत असलेल्यांना ८०जी मुळात लागूच नाही, त्यामुळे "टॅक्स वाचेल" असं सरसकट सांगत सुटू नका. मार्चमध्ये नातेवाईक फोन करतात. माझा अनुभव आहे.

पुण्यातली_खान्देशी | १० डिसेंबर, रात्री ९:१८

इथे कंपनीत दरवर्षी असा वॉक असतो. पहिल्या वर्षी मी ८० लोकांच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. १४ अंगठे, ६ जोडलेले हात, शून्य रुपये. दुसऱ्या वर्षी अकरा जणांना एकेकट्याला लिहिलं, नाव घेऊन. नऊ जणांनी दिले. ग्रुपवर मागितलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा देईल.

ताई, मेसेज काय लिहिलात ते इथे टाका. बघू तरी.

मेहरूणची_फेरी | १० डिसेंबर, रात्री ९:४०

हसू नका. "सप्रेम नमस्कार. आपणांस कळविण्यास आनंद होतो की, समाजातील गरजू रुग्णांच्या सहाय्यार्थ आयोजित पदयात्रेत मी सहभागी होत असून, या पवित्र कार्यास आपण फूल ना फुलाची पाकळी देऊन उपकृत करावे, ही नम्र विनंती."

शेवभाजी_जास्त_तिखट | १० डिसेंबर, रात्री ९:४३

खाली 'आपले नम्र, समस्त पाटील परिवार' आणि 'हेच आग्रहाचे निमंत्रण' राहिलं.

अंजनीची_लेक | १० डिसेंबर, रात्री ९:५१

'आमच्या मामाच्या वॉकला यायचं हं!' पण राहिलं.

कोरडा_विचार | ११ डिसेंबर, पहाटे ५:३२

झोप नव्हती म्हणून सगळा धागा परत वाचला. परवा मी बटणाचं बोललो ते जरा जास्त झालं.

माझे वडील अडीच वर्षं डायलिसिसवर होते. यावल तालुक्यातलं गाव, आठवड्यातून तीन खेपा, प्रत्येक वेळी चार-चार तास मशीनवर. उपचार सरकारी योजनेत बसले, त्याचा एक रुपया लागला नाही. त्यामुळे कोणी "डायलिसिससाठी मदत" म्हणून आलं की मला कळायचं नाही, हे नक्की कशाला देणार. मशीनवरून उठल्यावर त्यांना उभं राहवत नसे. एसटीत बसायला जागा मिळाली तरी फाट्यावर उतरून गाव तीन किलोमीटर. म्हणून रिक्षा, नाहीतर काळीपिवळी जीप. खेपेला २०० रुपये, वर माझ्या भावाची बुडालेली मजुरी. महिन्याला बारा-तेरा खेपा. शेवटी शेवटी वडीलच म्हणायचे, या खेपेला नको, पुढच्याला जाऊ. डायलिसिसची खेप चुकवणं म्हणजे काय ते डॉक्टरांना विचारा.

काळीपिवळी कुठल्या योजनेत बसत नाही. तेव्हा कोणी येऊन "एक खेप माझ्याकडून" म्हटलं असतं तर तो चालत आला की नाचत, मी विचारलं नसतं. ताई, तुमच्या संस्थेला विचारा की प्रवासाला देतात का.

पायांची_डॉक्टर | ११ डिसेंबर, सकाळी ७:२०

खेप चुकली की अंगात पाणी साचतं, दम लागतो, पोटॅशियम वाढून हृदयावर येतं. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

वणीची_वाट | ११ डिसेंबर, सकाळी ७:४५

कोरडा_विचार, नाव बदला आता.

मेहरूणची_फेरी | १३ डिसेंबर, रात्री ८:१०

काल जेवणाच्या सुट्टीत संस्थेत जाऊन आले. नोंदणी आहे, ८०जी आहे. कार्यक्रमाचा खर्च फी आणि एका दुकानदाराच्या जाहिरातीतून भागवतात, जमवलेल्या पैशांचं खातं वेगळं. तिथल्या बाईंनी वही काढून दाखवली. निम्म्याहून जास्त नोंदी 'रिक्षा', 'जीप भाडे', 'सोबतीची मजुरी' अशाच. ती वही बघून मी थोडा वेळ काही बोललेच नाही.

नवीन मेसेज लिहिलाय. "वहिनी, ११ जानेवारीला मी १० किमी चालणार आहे. आजवर एका दमात ३ च्या वर गेलेले नाही. खेड्यातून डायलिसिसला येणाऱ्या माणसाच्या रिक्षाला एका खेपेचे २०० रुपये लागतात. एक खेप तुम्ही द्याल का? नाही जमलं तरी चालेल, चहाला या."

पुण्यातली_खान्देशी | १३ डिसेंबर, रात्री ८:१५

एका अक्षराला हात लावू नका. माझ्या दोन खेपा घ्या. खातं नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा.

निवृत्त_गार्ड | १३ डिसेंबर, रात्री ८:५०

माझी एक. आणि बूट घेतलेत का?

धुळेकर_पक्का | १३ डिसेंबर, रात्री ९:०५

धुळ्याकडून पण एक. लळिंगचं आव्हान कायम आहे.

केळीचं_खांड | २९ डिसेंबर, सकाळी ७:००

धागा वर काढतोय. थंडी मरणाची पडलीय, ताई चालताय की गोधडीत?

मेहरूणची_फेरी | २९ डिसेंबर, रात्री ९:३०

काल ६ झाले. पाचव्यानंतर नडगी दुखली. बर्फ लावला, डॉक्टरांनी व्यनित ताणाचे दोन व्यायाम सांगितले, आज ठीक आहे. सकाळी साडेसहाला तलावावर हात खिशातून काढवत नाहीत. आणि हो, नणंदेने फोन करून वीस मिनिटं "या वयात ही काय थेरं" ऐकवलं. मग दोन खेपा दिल्या. मग आणखी पाच मिनिटं ऐकवलं.

मेहरूणची_फेरी | ११ जानेवारी, दुपारी ३:४०

झालं!! २ तास १६ मिनिटं.

सुरुवातीला डीजे होता, कोरडा_विचार बरोबर होते, कान बसले. पहिले तीन किलोमीटर सगळ्यांबरोबर वाहत गेले आणि फार जोरात चालले. सातव्याला त्याची किंमत मोजली, मांड्या दगड. तेव्हा मागून एक शाळेतली मुलगी आली, म्हणाली, "काकू, पुढच्या खांबापर्यंत माझ्यासोबत चला." मग पुढचा खांब. मग त्याच्या पुढचा. किती खांब झाले देव जाणे, कमान दिसली तेव्हा ती पळत पुढे निघून गेली. नावही विचारायचं राहिलं.

फोड नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय.

पैसे ११,४०० झाले. म्हणजे ५७ खेपा. 'नाही' म्हणणारे सहा जण भेटले, त्यातले चार चहाला आले. सगळ्यात अवघड जागा शेवटी ठेवली होती. ज्या काकूंनी "घरात कोणी नाही" सांगितलं होतं, त्या आता ८१ वर्षांच्या आहेत, तिथेच राहतात. काल संध्याकाळी गेले. दार उघडंच होतं. त्यांना काहीच आठवत नव्हतं, मी आठवण करून दिली तर हसून हसून ठसका लागला. एक खेप दिली आणि म्हणाल्या, पावती फाड, तुझे वडील फाडायचे तशी.

शेवभाजी_जास्त_तिखट | ११ जानेवारी, दुपारी ३:५५

आता भरीत पार्टीला हरकत नाही. जागा बोला.

कोरडा_विचार | ११ जानेवारी, दुपारी ४:२०

अभिनंदन ताई. ५७ म्हणजे आमच्या बाबांचे एकोणीस आठवडे, चार महिन्यांहून जास्त.

पुढच्या वर्षी नोंदणी कधी सुरू होते? विचारून ठेवतोय फक्त.

निवृत्त_गार्ड | ११ जानेवारी, दुपारी ४:२६

बूट मात्र आत्ताच घ्या.